तीन तुकड्यांची एक गुठळी

पांढऱ्या गॉजच्या घडीवर तीन तुकडे मांडलेले होते आणि शेजारी स्टीलची पट्टी. पहिला तुकडा जांभळट काळा, ओलसर, कडांनी विस्कटलेला. पिकलं जांभूळ दोन बोटांत चेंगरल्यावर दिसतं तसा. दुसरा त्याच रंगाचा, पण तांदळाच्या कणीएवढा. तिसरा फिका, आदल्या दिवशीच्या सायीच्या रंगाचा, एका टोकाला गुलाबी झाक असलेला. चिमट्याने उचलला तरी त्याने आकार सोडला नाही. तिन्ही मिळून लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. एवढ्याशा ऐवजाने माझ्या मावशीचा उजवा हात आणि तोंडातले शब्द काढून घेतले होते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काचपट्टीवरचा काप वाचणं हे माझं रोजचं काम. पण गाण्याचा वेडा माणूस एकच जागा पुन्हा पुन्हा लावून ऐकतो, तशी मी या गुठळीपाशी कितीतरी संध्याकाळी बसले. तिच्यात काय काय भरलंय, कोणत्या क्रमाने भरलंय, आणि त्या भरण्यामुळे डॉक्टरांचं कोणतं हत्यार चाललं, कोणतं अडलं, हे सगळं त्या दीड सेंटिमीटरमध्ये होतं.

मावशी बनशंकरी सेकंड स्टेजला राहते. लग्न होऊन सोलापूरहून बंगळूरला आली तेव्हा घर इथेच बघायचं हा तिचा हट्ट होता. बदामीजवळची बनशंकरी आमची कुलदेवता, आणि कनकपुरा रस्त्यावरचं हे देऊळ तिच्याच नावाचं. इथे राहुकाळात दिवा लावायची रीत आहे. अर्धं लिंबू पिळायचं, साल उलटी करून तिची वाटी करायची, आत तूप-वात. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. पौष पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी, पावणेचारच्या सुमाराला, मावशीच्या हातातली लिंबाची वाटी निसटली. तिने ती डाव्या हाताने उचलली, उजव्या हातात धरायला गेली, पुन्हा पडली. शेजारच्या बाईंनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मावशीला मराठीही सुचेना, कन्नडही सुचेना. त्या बाईंनी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं आणि मग रिक्षा थांबवली. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही, पण ते घड्याळ पाहणं मी विसरणार नाही. हॉस्पिटलात पहिला प्रश्न तोच असतो: कधी सुरू झालं? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणजे मोजून तीन राहुकाळ. आणि आत असलं तरी वाट बघण्यात अर्थ नसतो. अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला होता की, मेंदूची मोठी रोहिणी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात.

मावशीला इंजेक्शन वेळेत मिळालं. अल्टेप्लेस, वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, त्यातला दहावा हिस्सा एकदम शिरेत आणि बाकीचा तासाभराच्या ड्रिपमधून. ड्रिप चालू असतानाच तिला कॅथलॅबमध्ये नेलं. जांघेतल्या रोहिणीतून नळी वर चढवली, मानेतून मेंदूच्या डाव्या मधल्या रोहिणीपर्यंत, आणि स्टेंट रिट्रीव्हर नावाची तारेची बारीक जाळी गुठळीच्या आत उघडून मागे ओढली. पहिल्या खेपेला काळा तुकडा आला. रस्ता बंदच. दुसऱ्या खेपेला ती कणी. रस्ता बंदच. तिसऱ्या खेपेला जाळीच्या जोडीला मोठ्या नळीने शोषणही लावलं, तेव्हा फिका तुकडा आला आणि पडद्यावर रोहिणीच्या फांद्या एकदम काळ्या शाईने भरून गेल्या. रोहिणी तीच, जाळी तीच, हात तेच. मग पहिली खेप सोपी आणि तिसरी अवघड का?

आपण 'गुठळी' एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. पण हा शब्द मराठीने पिठल्यातून घेतलाय, आणि पिठल्यातल्या गुठळीला फार काही कळत होतं असं मला हल्ली वाटतं. गुठळी बोटाने फोडून बघा. बाहेर शिजलेलं, चिवट, चकचकीत आवरण; आत कोरडं पीठ. उकळतं पाणी चहूबाजूंनी असतं, तरी आत शिरत नाही, कारण बाहेरच्या थरानेच दार लावून घेतलेलं असतं. पॅरिसच्या लुकास दी मेलियो आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली पक्षाघाताच्या गुठळ्या कापून पाहिल्या, तेव्हा त्यांना नेमकी हीच रचना दिसली: आत तांबड्या पेशींचा सैलसर गाभा आणि बाहेर फायब्रिन या प्रथिनाचे धागे, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी यांचं दाट कवच. औषधाची गाठ पडते ती आधी कवचाशी.

पॅथॉलॉजीची भाषा तशी पहिल्यापासून स्वयंपाकघरातलीच. मृत्यूनंतर गोठलेल्या रक्ताच्या वरच्या पिवळट भागाला इंग्रजी पुस्तकं कोंबडीची चरबी म्हणतात आणि खालच्या लाल भागाला करंट या लाल फळाची जेली. जिवंतपणी, वाहत्या रक्तात धरलेल्या गुठळीची खूण वेगळी. तिच्या कापात फिक्या आणि गडद रेषा एकाआड एक दिसतात. त्यांना झाह्न या जर्मन पॅथॉलॉजिस्टचं नाव आहे. फिका थर प्लेटलेट आणि फायब्रिनचा, गडद थर तांबड्या पेशींचा. मी विद्यार्थ्यांना सांगते, अळूवडीचा काप आठवा. पानाची रेघ, पिठाची रेघ, पुन्हा पानाची रेघ. ही रेघ प्रवाहाशिवाय पडत नाही. शिरांमध्ये रक्त संथ असतं, म्हणून तिथली गुठळी बहुधा सरसकट लाल. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत धरणाऱ्या गुठळ्यांवर बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत डॉ. डी. नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तो निराळा विषय, त्याच्यावर कधीतरी सवडीने.

रोहिणीतल्या गुठळीचा मजकूर मात्र फार उशिरा हाती आला. निम्हान्समध्ये डॉ. एस. के. शंकर यांनी जोपासलेलं मेंदूंचं संग्रहालय आहे. तिथे बरणीत ठेवलेला पक्षाघाताचा मेंदू पाहिला की एका बाजूची खचलेली, मऊ पडलेली जागा दिसते. काय उद्ध्वस्त झालं ते कळतं. ज्याने केलं ते तिथे नसतं. पक्षाघात होऊनही माणूस जगतो आहे आणि त्याची गुठळी ताजी ताजी टेबलावर आहे, ही गोष्ट २००४ साली पहिल्या गुठळी-खेचक उपकरणाला अमेरिकेत परवानगी मिळाली त्यानंतरची. २०१५ साली एकामागून एक पाच चाचण्यांनी गुठळी ओढून काढण्याचा फायदा सिद्ध केला आणि मग गॉजवरचे असे तुकडे जगभर जमू लागले. या वाङ्मयाचं वय एवढंच.

मावशीच्या मुलाची संमती घेऊन मी ते तुकडे मागून घेतले. मेणात बसवले, काप काढले आणि मार्शियस स्कार्लेट ब्ल्यू या तिहेरी रंगात रंगवले. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅलन लेंड्रम यांनी १९६२ साली ही पद्धत मांडली, ती फायब्रिन ओळखण्यासाठी. तांबड्या पेशी पिवळ्या होतात, फायब्रिन लाल, कोलॅजन निळं. पण लेंड्रम यांच्या नजरेची खरी कमाल पुढे आहे. फायब्रिन कोवळं असताना नारिंगीकडे झुकतं, प्रौढ झालं की लाल होतं, जुनं झालं की निळसर छटा घेतं, हेही त्यांनी टिपलं. रंगातून घटक कळतो आणि वयाचाही अंदाज येतो. इतकी बोलकी रंगपद्धत आमच्या शास्त्रात दुसरी क्वचितच असेल.

पहिला तुकडा भिंगाखाली धरला आणि सगळं क्षेत्र पिवळंधमक झालं. तांबड्या पेशींचीच वस्ती, मधून मधून लाल धाग्याचं विरळ जाळं. कडेच्या पेशी गोल, पुस्तकातल्यासारख्या. मध्याकडे सरकले तसा त्यांचा गोलपणा गेला. एकमेकींना खेटून कोनाकोनाच्या झालेल्या, फट म्हणून नाही. डाळिंब फोडल्यावर दाण्यांना जे कंगोरे दिसतात ना, अगदी तसे. दाणा जन्मतः टोकदार नसतो, शेजारच्या दाण्यांच्या दाटीने होतो. पेनसिल्व्हेनियातले जॉन वायझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली या कंगोरेदार पेशींचं कोडं उलगडलं. गुठळी धरल्यावर स्वस्थ बसत नाही. प्लेटलेट फायब्रिनचे धागे धरून आत खेचत राहतात, गुठळी आवळली जाते, पातळ निवळी बाहेर पडते. दह्याचा चक्का करताना फडक्यातून पाणी गळतं, तोच प्रकार, फक्त इथे पिळणारा हात आतच आहे. मावशीच्या या तुकड्यात आवळणं नुकतं सुरू झालं होतं. मधे चक्का, कडेला अजून दही.

पहिली खेप सोपी गेली ती या दह्यामुळे. मऊ, तांबड्या पेशींच्या गुठळीत जाळीच्या तारा रुततात, ओढल्यावर गुठळी सोबत येते. धोका एकच, ती फुटते, आणि फुटलेला चुरा पुढच्या फांद्यांत जाऊन बसू शकतो. गॉजवरची तांदळाची कणी म्हणजे असाच चुरा होता. दुसऱ्या खेपेला जाळी फिक्या भागावरून घसरली असणार आणि त्याला चिकटून राहिलेलं लाल तेवढं खरवडून आली. मावशीपुरता हा माझा तर्क आहे, पण त्याला आधार आहे. २०१९ साली प्रत्येक खेपेचे तुकडे वेगळे ठेवून अभ्यास झाला, त्यात पहिल्या दोन खेपांना येणारा ऐवज तांबड्या पेशींनी भरलेला निघाला आणि तिसरीपासून पुढे फायब्रिनचं आणि प्लेटलेटचं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. जाळी आधी सोपं ते उचलते.

आता तिसरा तुकडा. मला विचाराल तर साऱ्या गुठळीतला हाच सगळ्यांत सुंदर भाग, आणि हे मी मावशीची भाची म्हणून अवघडून, पण मनापासून लिहिते आहे.

क्षेत्र लालेलाल. पहिल्या तुकड्यातले धागे सुटे होते, इथे ताणा-बाणा दाट, एकाच दिशेने ओढलेला, इलकलच्या पदरासारखा घट्ट. धाग्यांच्या मधे लालसर करडं धुकं, त्या प्लेटलेट; या रंगात त्यांना स्वतःचा ठसठशीत रंग मिळत नाही, म्हणून दुसऱ्या कापावर त्यांच्यापुरती वेगळी तपासणी करून खात्री करावी लागते. त्याच कापावर फॉन विलेब्रांड नावाचं प्रथिनही लांबच लांब पट्ट्यांनी पसरलेलं दिसलं. प्लेटलेट एकमेकींना आणि धाग्यांना धरून राहतात त्यात त्याचा मोठा हात. आणि जिथे लाल प्रदेश संपून शेवटचे पिवळे दाणे सुरू होतात, त्या सीमेवर गडद ठिपक्यांची रांग: पांढऱ्या पेशींची केंद्रकं. काही शाबूत, काही फुटून तंतू तंतू झालेली. पांढरी पेशी मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते, हे बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवलं. जंतू पकडायला केलेली ती सोय. गुठळीत तेच जाळं बांधकामातली सळई होतं. बेल्जियममध्ये सिमोन दे मायर यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली पक्षाघाताच्या गुठळ्यांमध्ये हाच नकाशा दाखवला: तांबड्या पेशींच्या मुलुखात धागे बारीक आणि विरळ, प्लेटलेटच्या मुलुखात दाट, आणि दोहोंच्या शिवेवर पांढऱ्या पेशी आणि डीएनए. मी तो नकाशा वाचला होता, विद्यार्थ्यांना शिकवलाही होता. आपल्या माणसाच्या गुठळीत तो ओळीने सापडला तेव्हा माझा हात भिंगाच्या चाकावरच थांबला.

इंजेक्शन कुठे अडलं, तेही इथेच दिसतं. अल्टेप्लेस स्वतः काही विरघळवत नाही. ते रक्तातल्या प्लास्मिनोजेनला प्लास्मिन बनवतं आणि प्लास्मिन फायब्रिनचा धागा कापतं. म्हणजे या तीन रंगांतल्या फक्त लाल रंगासाठी कात्री आहे. मग लालेलाल तुकडा तर आधी विरघळायला हवा, असं कुणालाही वाटेल. मलाही शिकताना वाटलं होतं. पण कात्रीला धाग्यापर्यंत पोचावं लागतं. विरळ जाळ्यात औषध झिरपतं, चक्क्यासारख्या आवळलेल्या विणीत झिरपत नाही. त्यात प्लेटलेट औषधाला निष्प्रभ करणारं प्रथिनही सोडतात. आणि डीएनए किंवा फॉन विलेब्रांड यांच्या दोऱ्या या कात्रीने कापतच नाहीत. रुग्णांतून काढलेल्या गुठळ्यांवर प्रयोगशाळेत अल्टेप्लेससोबत डीएनए तोडणारं विकर घातलं की विरघळण्याचा वेग वाढतो, हे बेल्जियमच्याच गटाने २०१७ साली दाखवलं. उद्या एका सिरिंजमध्ये दोन-तीन कात्र्या असतील, अशी आशा मी धरून आहे. कात्रीला धार लावण्याचं काम तर झालंच आहे. त्याच रेणूत तीन ठिकाणी बदल करून टेनेक्टेप्लेस तयार झालं. ते एकाच दमात टोचता येतं, धाग्याला जास्त नेमकं धरतं आणि प्लेटलेटच्या त्या प्रथिनाला सहज दबत नाही. आपल्याकडे ते पुण्याच्या जेनोव्हा कंपनीत बनतं, आणि अमेरिकेत पक्षाघातासाठी त्याला २०२५ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

जाळीचीही हीच कथा. घट्ट लाल तुकड्यात तार रुतत नाही, आणि तो रोहिणीच्या भिंतीला घासून धरतो. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली हे घर्षण मोजलं. तांबड्या पेशी २० टक्क्यांहून कमी झाल्या की घर्षण एकदम चढतं. कॅथलॅबमधल्या डॉक्टरांना हे आकड्याआधी बोटांना कळलेलं असतं. "ओढताना हाताला जड लागली," असं मावशीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, आणि म्हणूनच तिसऱ्या खेपेला त्यांनी शोषणाची नळी जोडीला घेतली. हा बदल त्यांनी गुठळी न बघता, नुसत्या हाताच्या जाणिवेवर केला. मला ते उत्तम वाचन वाटतं, माझ्या भिंगाखालच्या वाचनाहून उत्तम, कारण ते वेळेत झालं.

माझं वाचन मागाहूनचं. यातच या सगळ्याची कळ आहे. रंग, काप, भिंग हे सगळं गुठळी बाहेर आल्यावर. औषध आणि जाळी निवडायची असते ती आत असताना. म्हणून मी परत मावशीच्या सुरुवातीच्या सीटीकडे गेले. साध्या सीटीत तांबड्या पेशींची गुठळी पांढऱ्या रेघेसारखी उजळ दिसते, कारण हिमोग्लोबिन दाटलेलं असतं. फायब्रिनची गुठळी आसपासच्या रक्तात मिसळून जाते. एमआरआयवर तांबडी गुठळी काळा डाग होऊन फुलते. डेव्हिड लीबस्किंड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली या खुणांचा गुठळीच्या घटकांशी मेळ घालून दाखवला. मावशीच्या सीटीत उजळ रेघ होती, पण ती साधारण नऊ मिलिमीटरची, म्हणजे पहिल्या तुकड्याएवढीच. तिच्यापुढची रोहिणी फिकट, निरुपद्रवी दिसत होती. तिसरा तुकडा तिथेच बसला होता, चित्रात न येता. लांबीचाही प्रश्न होताच. जर्मनीतल्या कील शहरातल्या डॉक्टरांनी २०११ सालीच मांडलं होतं की आठ मिलिमीटरहून लांब गुठळी नुसत्या इंजेक्शनने सहसा विरघळत नाही.

एक मोह मात्र टाळायला हवा. गुठळी पाहून ती हृदयातून आली की मानेच्या रोहिणीतून, हे छातीठोक सांगायचा. व्हिक्टर मार्डर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली २५ रुग्णांच्या गुठळ्या पाहिल्या, तेव्हा उगम वेगवेगळा असूनही बहुतेकींची घडण सारखीच निघाली. नंतरच्या अभ्यासांत काहींना फरक दिसला, काहींना उलटा दिसला. मावशीची हृदयाची लय बिघडलेली आहे हे आम्हाला माहीत होतं ते ईसीजीवरून. काचेवर तसं काही लिहिलेलं नाही.

काचेवर दुसरं काहीतरी होतं. तिसऱ्या तुकड्याच्या एका कडेला, गॉजवर गुलाबी झाक दिसली होती त्याच टोकाला, लाल धाग्यांत निळसर जांभळी छटा उतरलेली होती. केसाएवढी पट्टी. लेंड्रम यांच्या रंगाच्या हिशेबाने ते फायब्रिन त्या मंगळवारच्या दुपारचं नव्हतं. त्याच्याआधी कधीतरी, बहुधा हृदयाच्या एखाद्या कोपऱ्यात, ते धरू लागलं होतं आणि त्याच्यावर बाकीचे थर चढत गेले. काच तारीख सांगत नाही. पण मावशीच्या डबीतल्या गोळ्या मी मोजल्या होत्या. रक्त पातळ करायची गोळी आठ दिवसांची शिल्लक होती. पौष शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा, शाकंभरी नवरात्राचे उपास. उपाशीपोटी गोळी नको, असं तिने आपल्या मनाने ठरवलं होतं. आणि ती गोळी पोटात नव्हती, रक्त गोठण्याची चाचणी सरळ आली होती, म्हणूनच डॉक्टरांना इंजेक्शन देता आलं. या दोन गोष्टी मी बरेच दिवस शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.

चैत्रात तिच्याकडे गेले तेव्हा मोबाइलवर तिला काचेचं छायाचित्र दाखवलं. उजवा हात बराच सुधारला होता. शब्द अजून एकेक करून, थांबत थांबत यायचे. तिने चष्मा लावला, फोन दूर धरला, जवळ आणला. पिवळ्या भागावर बोट ठेवलं. मी काही सांगणार तेवढ्यात तिने हाताने मला थांबवलं. शब्द तिचा तिलाच काढायचा होता. ओठ हलले, भिवया जुळल्या.

"हळद," ती म्हणाली. मग बोट लाल भागावर सरकवलं आणि या वेळी फारसं न थांबता म्हणाली, "कुंकू."